तीन हत्यारं आणि मोकळी पथारी

शिरूरच्या आठवडे बाजारात ललिताबाईंना जो ओळखत नसेल, तो एकतर परगावचा असायचा, नाहीतर त्यानं जन्मात कधी लाटणं विकत घेतलेलं नसायचं. मडकी आणि केरसुण्यांच्या मध्ये त्यांची पथारी. लाटणी, पोळपाट, रव्या, पोरांचे भोवरे, असा सगळा लाकडी कातीव माल. अकरा वर्षं त्याच जागेवर. बाई अंगानं किरकोळ, पण तोंड असं की भाव पाडून मागणाऱ्यानं दुसऱ्यांदा मागायची हिंमत करू नये. कुणी म्हणायचं फटकळ, कुणी म्हणायचं भांडकुदळ. मी म्हणतो, बाई खरं बोलायची, आणि बाजारात खरं बोलणाऱ्याला हीच नावं पडतात.

माल त्या स्वतः करत नव्हत्या. तो यायचा सोपानरावांकडून. सोपानरावांचा गावाबाहेर कारखाना होता, चार लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायची यंत्रं, सहा कारागीर, आणि आसपासच्या बाजारांत लाटणं म्हटलं की त्यांचंच. पहिली काही वर्षं माल ठीक होता. मग मागणी वाढली आणि सोपानराव ओलं लाकूड कातायला लागले. ओल्या लाकडाचं लाटणं पहिल्या दिवशी झकास दिसतं. महिन्याभरात सुकलं की केळीसारखं वाकतं. चपाती एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पुठ्ठा. आणि शिव्या कुणाला? सोपानरावांना कोण ओळखतंय? शिव्या ललिताबाईंना.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका बाजारी सोपानराव स्वतः टेम्पोतून माल घेऊन आले. ललिताबाईंनी गिऱ्हाइकांच्या देखत एकेक लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि तळव्यानं ढकललं. सरळ असेल ते गपगुमान घरंगळतं, वाकडं असेल ते लंगडत जातं. वीस लाटण्यांतली तेरा लंगडत गेली. ती तेरा त्यांनी परत टेम्पोत टाकली.

चारचौघांत नाक कापलं गेल्यावर माणूस शहाण्यासारखं वागत नाही. सोपानराव म्हणाले, उद्यापासून एक भोवरासुद्धा मिळायचा नाही. इथवरही ठीक होतं. धंदा आहे, देईल नाहीतर न देईल. पण मग त्यांनी आवाज खाली आणून, शेजारच्या मडकीवालीला ऐकू जाईल एवढाच ठेवून, जे म्हटलं ते ललिताबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

"एवढी अक्कल हाय तर तूच कात की. पर बाई, हे काम बायांचं न्हाई, आन् तुमच्यातल्यांचं तर कवाच न्हवतं."

'तुमच्यातल्यांचं' म्हणजे काय ते ललिताबाईंना कळलं, मडकीवालीला कळलं, आणि तुम्हालाही कळलं असेल. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्यात कुणी शिक्षक होतं, कुणी कंपनीत होतं, कुणी रोजंदारीवर. कातारी कुणी नव्हतं, हे खरं.

"लाकडाला इचारून बघा, त्याला माझी जात चालती का," ललिताबाई म्हणाल्या. "कातीन मी."

बोलून तर बसल्या. आता या बोलण्याचं वजन किती होतं ते सांगतो. त्या बाजाराचा एक रिवाज होता, कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांच्या तोंडपाठ. सलग तीन बाजार ज्याच्या जागेची पावती फाटली नाही, त्याची जागा गेली. मग ज्यानं पथारी टाकली त्याची. पावती फाडायला यायचे हौशीराम, ठेकेदाराचा माणूस. आणि हौशीरामांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. मालाशिवाय पावती नाही. नुसती पथारी टाकून बसलेल्याची पावती फाडली, तर उद्या कुणीही पोतं टाकून जागा अडवून बसेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. म्हणजे ललिताबाईंच्या हातात तीन बाजार होते. तेवढ्यात कातकाम शिकायचं, नाहीतर अकरा वर्षांची जागा सोडायची. ती जागा गेली असती तर मागं उरली असती खुरपणीची रोजंदारी, जी त्यांनी लग्नाआधी दहा वर्षं केली होती आणि जिच्याकडे परत जायचं नाही अशी शपथ घेतली होती.

त्यांचा नवरा चांगदेव कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत फिटर. आठवडाभर दौंडला खोलीवर, सुट्टीला शिरूरला. बिचारा गरीब माणूस. बायकोनं सांगितलं लेथ कर, यानं केला. अँगलचा सांगाडा जोडला, जुन्या कडबाकुट्टीची मोटर बसवली, आणि पडवीत ते धूड उभं केलं. बटण दाबलं की लाकूड गरागरा फिरायचं. फिरवायची सोय झाली. कातायला हत्यारं कुठं होती?

होता नव्हता तो जुना माल संपला होता. पहिल्या बाजारी ललिताबाई मोकळ्या पथारीवर बसून राहिल्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हौशीराम आले, बघितलं, मान हलवून पुढं गेले. सोपानरावांचा पुतण्या केरसुणीवालीशी गप्पा मारायच्या निमित्तानं जागेची लांबीरुंदी पावलांनी मोजून गेला. बाईंनी त्याला चहा विचारला. इतका गोड विचारला की तो पळाला.

दुसऱ्या दिवशी त्या दौंडच्या एस.टी.त बसल्या. दौंडच्या बाजारपेठेत हत्यारांचं एक जुनं दुकान होतं. दुकानदारानं विचारलं काय पाहिजे, या म्हणाल्या कातायच्या पटाश्या. त्यानं बाईकडे एकदा बघितलं आणि आतून तीन जाडजूड हत्यारं काढून ठेवली. पोलाद बोटाएवढं जाड, दांडा हातभर लांब, दिसायला ओबडधोबड, तोंडाला धारसुद्धा पुरती नाही.

आणि इथं ललिताबाई चुकल्या. चुकल्या म्हणजे कशा, तर जशी फक्त खुरपणी केलेली बाईच चुकेल तशा. दहा वर्षं त्यांनी खुरपी निवडली होती. खुरपं कसं निवडायचं हे त्यांना झोपेत उठवून विचारा. हातात हलकं पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत मनगट जातं. पातं पातळ पाहिजे. अंगठ्याच्या नखावर टेकवलं की त्यानं नख धरलं पाहिजे. त्यांनी दुकानदाराची तिन्ही हत्यारं उचलली, वजन बघितलं, नखाला लावली आणि नाक मुरडलं. समोरच्या फळीवर सुतारी पटाश्या लावलेल्या होत्या, पातळ, चकचकीत, पिवळ्या मुठीच्या. त्यातल्या त्यांनी नखावर पारखून चार काढल्या.

दुकानदार म्हणाला, बाई, ह्या हातोडीनं ठोकायच्या पटाश्या, फिरत्या लाकडावर चालायच्या नाहीत. ललिताबाईंच्या मनात आलं, पडून राहिलेला माल बाईमाणूस बघून गळ्यात मारतोय. अकरा वर्षं बाजारात काढल्यावर माणसाला दुसऱ्याच्या खऱ्या बोलण्यातही खोट दिसायला लागते. त्या म्हणाल्या, मला धार कळते. आणि चार पटाश्या पदरात बांधून आल्या. धार कळत होती हो. बाकीचं काय कळायचं असतं, ते कळत नव्हतं.

पडवीत लाकूड फिरायला लागलं आणि पहिल्या पटाशीचं तोंड त्याला लागलं मात्र, ती हातात थडथड नाचायला लागली. लाकडावर गोल व्हायच्या ऐवजी जिन्यासारख्या पायऱ्या उठल्या. दाबून धरली तर खसकन आत घुसली आणि लाकूडच उपटून भिंतीवर गेलं. दोन दिवसांत तीन पटाश्यांची तोंडं गेली. चौथी मधोमध मोडली. तिचा तुकडा कानाजवळून सणकत गेला आणि पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला.

चांगदेव सुट्टीला आला, पत्र्याचं भोक बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला की हे बंद. डोळा गेला असता म्हणजे?  ललिताबाई रडत होत्या. रागानं रडत होत्या, स्वतःवरच्या. सोपानरावांवरचा राग सोपा असतो, तो बाहेर काढता येतो. त्या दुकानदारानं खरं सांगितलं होतं आणि आपण त्याला लबाड ठरवलं, हे गिळणं अवघड होतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पत्र्याला भोक पडलंय, मला न्हाई. हत्यार चुकलं माझं. दुसरं आणीन."

दुसरा बाजारही मोकळ्या पथारीवर गेला. या वेळी सोपानराव स्वतः समोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की, काय बाई, हवा विकताय का? लोक हसले. ललिताबाई म्हणाल्या, व्हय, तुमच्या लाटण्यापेक्षा सरळ हाय. लोक परत हसले, पण हौशीरामांनी पावती काही फाडली नाही.

राहिला एक बाजार. चांगदेवच्या पाळीवर अनिस नावाचा एक पोऱ्या कामाला होता, दौंडचाच. त्याचे वडील वजीरभाई खरादी. पलंगाचे पाय आणि पाळण्यांचे खांब कातण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. अनिसनं चांगदेवला सांगितलं की अब्बांची हत्यारं अजून आईच्या खाटेखाली पेटीत आहेत, भंगारवाल्याला द्यायची म्हटलं तर आई अंगावर येते. चांगदेवनं हे बायकोला सांगायला नको होतं. पण सांगितलं. माणूस शेवटी आपल्याच माणसाच्या बाजूनं असतो.

अनिसची आई सरदारबी. पासष्टीची, कमरेत वाकलेली, पण दंड बघाल तर पैलवानाचे. कारण वजीरभाईंचा लेथ विजेचा नव्हता, दोरीचा होता. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, एकानं दोरी ओढायची, लाकूड फिरायचं, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. वजीरभाई हत्यार धरायचे. दोरी ओढायची सरदारबी. तीस वर्षं.

ललिताबाईंनी दौंडला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, मोडलेल्या पटाशीसकट. लपवलं काही नाही. सरदारबीनं पेटी ओढली, झाकण उघडलं, आणि म्हणाली, निवड. पेटीत नऊ हत्यारं होती, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेली, काळी, जाड, लांब दांड्यांची. एकच त्यात पातळ आणि हलकं होतं. ललिताबाईंचा हात सवयीनं त्याच्याकडेच गेला. जित्याची खोड, दुसरं काय. नखाला लावायला अंगठा पुढं केला तेवढ्यात सरदारबी हसायला लागली.

"त्यानंच आमच्या माणसाचा अंगठा फाडला व्हता," ती म्हणाली. "ठेव ते. डोळं मीट. दांड्याच्या शेवटाला धर. तोंड जड होऊन खाली गेलं पायजे, बादलीवानी. खुरपं तू चालवतीस. हत्यार चालवायचं नसतंय, टेकवायचं असतंय. लाकूड चालतंय. मग हलकं कशाला पायजे तुला?"

ललिताबाईंनी डोळे मिटले. एकेक हत्यार सरदारबी हातात देत गेली. काही वेळ सगळी सारखीच जड वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की काहींचं वजन हातात येतं आणि काहींचं पुढं, तोंडाशी जातं. ज्यांचं पुढं गेलं ती त्यांनी बाजूला काढली. सरदारबीनं त्यातली प्रत्येक दगडावर हलकी ठोकली. दोन आतून खुळखुळली, दांड्यात सैल झालेली, ती परत पेटीत गेली. उरली तीन. एक गोल तोंडाची, लाकडाचा ओबडधोबडपणा काढायला. एक तिरप्या तोंडाची, गुळगुळीत करायला. एक अरुंद, टोकं कापायला.

ललिताबाईंनी विचारलं, बाकीची पण देता का? सरदारबी म्हणाली, पहिल्या वर्षाला तीनच. जास्ती असली की चूक झाल्यावर माणूस हत्यार बदलतो, हात बदलत नाही.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा तिनं पुरा भाव सांगितला. गरीब बाई आहे, नडलेली आहे, म्हणून रुपया सोडला नाही. ललिताबाईंना तेच आवडलं. दया दाखवून दिलेलं हत्यार त्यांनी घेतलंही नसतं. त्यांनी घासाघीस न करता दाम दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा विकत घेताना गप्प बसल्या.

निघताना मात्र त्यांनी विचारलं की चाची, तुम्ही स्वतः कधी कातलं का? सरदारबी म्हणाली, न्हाई. कुणी दिलंच न्हाई हातात. पण हत्यार चुकीचं लागलं की मला दोरीत कळायचं, त्यांना हातात कळायच्या आधी. मग तिनं ललिताबाईंच्या हातात हत्यार देऊन, उंबऱ्यावर सरपणाचं एक लाकूड ठेवून, तीनच गोष्टी सांगितल्या. आधी लाकडासमोरच्या आडव्या पट्टीवर हत्यार टेकव. मग त्याची पाठ लाकडाला घासू दे. मग दांडा उचल, म्हणजे धार आपोआप खाईल. टेकव, घास, काप. ललिताबाई एस.टी.त शिरूर येईपर्यंत हे तीन शब्द पुटपुटत होत्या. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

त्या आठवड्यात लोडशेडिंगनं जीव काढला. वीज आली की बाई लेथवर, मग चुलीवर काही का असेना. वखारीतून पारखून आणलेली वाळकी बाभूळ, टणक, खटकन वाजणारी. पहिली सात लाकडं वाया गेली. आठव्याला हत्यार टेकवलं, पाठ घासली, दांडा उचलला, आणि लांबच्या लांब साल सुटून त्यांच्या पायावर पडली. थडथड नाही, धक्का नाही. हत्याराच्या वजनानंच काम केलं. ललिताबाईंनी मोटर बंद केली आणि ती साल हातात घेऊन बसल्या. खुशीत होत्या, फार खुशीत. बाजाराच्या आदल्या दिवसापर्यंत सहा लाटणी झाली. त्यातलं एक त्यांनी स्वतःच नापास केलं. उरली पाच.

तिसऱ्या बाजारी पथारीवर पाच लाटणी मांडली. एवढ्या मोठ्या जागेत पाच लाटणी म्हणजे ताटात शेंगदाणे. पण माल होता. हौशीराम अजून कापडवाल्यांच्या रांगेत होते. तेवढ्यात एक नीटनेटकी बाई आली, लाटणी हातात घेतली आणि पाचही मागितली. भाव केला नाही. ललिताबाईंना इतका आनंद झाला की अकरा वर्षांची अक्कल गहाण पडली. भाव न करता पाच लाटणी कोण घेतं हो? त्यांनी कागदात बांधून दिली. बाई गेली ती थेट सोपानरावांच्या टेम्पोकडे, आणि पुडकं त्यांच्या हातात दिलं.

पथारी मोकळी. हौशीराम पुढच्या रांगेत येऊन पोचले होते. आणि सोपानरावांचा पुतण्या दोन पोती बगलेत मारून शेजारी येऊन उभा राहिला.

 घरी जाऊन नापास केलेलं ते सहावं लाटणं आणावं, असं क्षणभर ललिताबाईंच्या मनात आलं. मग त्यांनाच लाज वाटली. त्या उठल्या, पदर खोचला, आणि बाजाराच्या गलक्यावर आवाज चढवला.

"ज्याचं लाटणं वाकडं झालंय त्यानं घिऊन या. सरळ करून देते. माझ्याकडनं घेतलेलं असंल तर फुकट."

समोरच पार्वतीबाईंची खानावळ होती. रोजच्या दोनशे चपात्या, आणि ललिताबाईंकडून घेतलेली चार लाटणी, चारही लंगडी. यावरून दोघींची चांगली जुंपलीही होती. पार्वतीबाई पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या, ललिताबाईंकडे बघितलं, काय समजायचं ते समजल्या, आणि चारही लाटणी आणून पथारीवर टाकली. केरसुणीवालीनं पोरीला घरी पिटाळलं. मागच्या गल्लीतून दोघी आल्या. एक म्हातारी तर भाजीची पिशवी तिथंच ठेवून घराकडे गेली आणि दोन लाटणी घेऊन आली, वर म्हणाली, एवढ्या वर्षांत कुणी आपणहून इचारलं न्हवतं. हौशीराम येऊन उभे राहिले तेव्हा पथारीवर सतरा लाटणी पडली होती, एकाहून एक वाकडी.

सोपानराव धावतच आले. चेहरा लालबुंद. "हौशीराम, हा माल हिचा न्हाई," ते ओरडले. "ही समदी माझ्या कारखान्यातली हायेत. माझा शिक्का हाय बुडाला, बघा."

हौशीरामांनी एक लाटणं उचललं, बूड बघितलं, शिक्का होता. मग ते पार्वतीबाईंच्या परातीवर ठेवून तळव्यानं ढकललं. ते लंगडत गेलं आणि मातीत पडलं. कुणी हसलं नाही. सगळ्या बाया सोपानरावांकडे बघत राहिल्या. आपण काय कबूल केलं हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

हौशीराम ललिताबाईंकडे वळले. ते रागावलेले नव्हते, पण नियम तो नियम. त्यांनी विचारलं की बाई, माल ह्यांचा, मग पावती कशाची फाडू?

"वाकडी त्यांची," ललिताबाई म्हणाल्या. "सरळ करायची माझी. फाडा."

हौशीरामांनी फाडली.